कै. वासुदेवशास्त्री खरे : शिक्षक आणि इतिहासकार

कऱ्हेच्या काठी नाईकांचा वाडा आहे, इंदापुरास मालोजीराजांची गढी आहे, आणि सुप्याचे नाव भोसल्यांच्या जहागिरीच्या संबंधाने प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या क्रमिक पुस्तकात वाचलेले आहे. आपल्या ह्या मुलखात इतिहासाची वाण नाही. कोणत्याही पारावर जाऊन बसावे, म्हणजे एखादे वृद्ध गृहस्थ मालोजीराजे रणात कसे पडले किंवा मोरोपंत बारामतीस कसे आले, हे मोठ्या रसाने सांगू लागतात. ते ऐकताना मन रमते खरे. परंतु कथा संपल्यावर एक प्रश्न विचारण्याचे आपल्यापैकी फार थोड्यांस सुचते. हे आपणांस कळले कशावरून? ज्याने पाहिले त्याने लिहिले काय? लिहिले असल्यास तो कागद कोठे आहे? आणि तो कागद खरा की खोटा, हे कोणी पारखले?

हा प्रश्न स्वतःस विचारून त्याच्या उत्तरासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा थोड्या महाराष्ट्रीयांत कै. वासुदेव वामनशास्त्री खरे ह्यांची गणना होते. ते राजे नव्हते, सरदार नव्हते, विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणारे ते एक शिक्षक होते. अशा गृहस्थांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्यास शालेय वार्षिकासारखी दुसरी योग्य जागा नाही, असे आम्हांस वाटते. शिवाय शास्त्रीबुवांच्या कार्याचा एक धागा आपल्या बारामती-इंदापूरपर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, हे ओघाने पुढे येईलच.

शास्त्रीबुवांचा जन्म सन १८५८ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. त्या काळी कोकणातील लहान गावांत शिक्षणाची सोय बेताचीच असे. पुढे शिकावयाचे म्हटले म्हणजे घर सोडून घाटावर यावे लागे आणि एखाद्या विद्वान गुरूच्या पायाशी बसावे लागे. खऱ्यांनी तोच मार्ग धरला. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर हे नामांकित पंडित होते. त्यांच्याजवळ राहून त्यांनी संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केले. जुन्या पाठशाळेतील ह्या शिक्षणास आज आपण कालबाह्य समजतो. परंतु त्यात एक मोठा गुण होता. ग्रंथातील एकेका शब्दापाशी थांबावयाचे, त्याचा अर्थ निश्चित केल्यावाचून पुढे पाऊल टाकावयाचे नाही, आणि कोणी काही विधान केले की त्यास आधार मागावयाचा, ही शिस्त त्या अध्ययनात अंगी बाणत असे. शास्त्रीबुवांनी इतिहासाच्या क्षेत्रात पुढे जे काम केले, त्याचे मूळ आम्हांस ह्या शिस्तीत दिसते.

साताऱ्याहून ते पुण्यास आले. तो काळ पुण्याच्या इतिहासात मोठ्या उत्साहाचा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ सालापासून निघू लागली होती, आणि आपला देश, आपली भाषा व आपला इतिहास ह्यांविषयी तरुणांच्या मनात नवा अभिमान उत्पन्न झाला होता. १८८० सालच्या आरंभी चिपळूणकर, टिळक व नामजोशी ह्यांनी न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. त्या शाळेत खरेशास्त्र्यांनी काही काळ संस्कृत शिकविले. टिळकांशी त्यांचा स्नेह जडला, तो ह्याच सुमारास. पुढे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिक्षकाची जागा त्यांस मिळाली आणि ते मिरजेस गेले. त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्यांनी त्या एका शाळेत अध्यापन केले. १९२४ साली त्यांनी देह ठेवला, तोही मिरजेसच.

वरवर पाहता येथे चरित्र संपले. जन्म, विद्याभ्यास, नोकरी आणि मृत्यू, ह्यांपलीकडे लहान गावच्या शिक्षकाच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय असावयाचे, असे कोणासही वाटेल. परंतु शास्त्रीबुवांचे खरे चरित्र मिरजेत राहून त्यांनी जे पाहिले व जे केले त्यात आहे.

मिरज हे त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाचे ठिकाण होते. पटवर्धनांचे मूळ पुरुष हरिभट हे कोकणातून इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे कुलोपाध्याय म्हणून आले. त्यांच्या मुलांनी भिक्षुकी सोडून तलवार धरली, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत ते घराणे कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलखाचे प्रमुख सरदार झाले. हैदर व टिपू ह्यांच्याशी मराठ्यांच्या ज्या मोहिमा झाल्या, त्यांत पटवर्धनांचे पथक बहुधा आघाडीस असे. गोविंद हरी, गोपाळराव, परशुरामभाऊ ही नावे त्या काळच्या राजकारणात वारंवार येतात. घरातील कर्ती माणसे छावणीत आणि वडीलधारी माणसे मिरजेस, अशी स्थिती वर्षानुवर्षे असल्यामुळे पत्रव्यवहार सतत चाले. छावणीतून लढाईची हकीकत येई, घरून पैशाची व माणसांची व्यवस्था कळविली जाई, आणि पुण्यास ठेवलेले कारकून दरबारात काय चालले आहे ह्याची बारीकसारीक खबर लिहून पाठवीत. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली झालेला वध, त्यानंतरचे बारभाईंचे कारस्थान, इंग्रजांशी झालेले युद्ध, १७८२ सालचा सालबाईचा तह, सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू, ह्या सर्व गोष्टींच्या बातम्या ताज्या असताना पत्रांतून मिरजेस येत होत्या. ती पत्रे वाचली गेली, त्यांची उत्तरे रवाना झाली, आणि मग ती रुमालात बांधून ठेवून देण्यात आली. पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल आला, तरी ते रुमाल तसेच राहिले.

अशा जुन्या दप्तरांची दशा पुष्कळ ठिकाणी काय होत असे, हे पालकवर्गास सांगावयास नको. वाळवी, पावसाचे गळते पाणी आणि घरातील माणसांची उदासीनता हे त्यांचे तीन शत्रू. मोडी वाचणारे कमी होत चालले, तसतसे ते कागद निरुपयोगी वाटू लागले. कोणी ते बंबात घातले, कोणी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास दिले, तर कोणी नदीत सोडून दिले. ज्या घराण्यांनी ते सांभाळले, त्यांपैकी कित्येकांस आपल्या जमिनीचा हक्क जाईल अशी धास्ती वाटे आणि ते कोणास पाहू देत नसत. सोन्याचा दागिना हरवला तर तसा दुसरा घडविता येतो. कागद एकदा गेला, की त्यावरची हकीकत जगातून कायमची नाहीशी होते.

मराठ्यांचा इतिहास तोपर्यंत कोणी लिहिलाच नव्हता असे मात्र नव्हे. साताऱ्यास इंग्रज सरकारचा अधिकारी म्हणून राहिलेल्या कॅप्टन जेम्स ग्रँट डफ ह्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्याने परिश्रम पुष्कळ केले होते, ह्यात संशय नाही. परंतु पुढे कित्येक वर्षे आमचे लोक आपला इतिहास त्याच्याच पुस्तकावरून शिकत राहिले. नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुण विद्यार्थ्याने १८६७-६८ च्या सुमारास त्या ग्रंथावर मराठीत टीका लिहून त्यातील दोष दाखविले, तेव्हा कोठे विचारी लोकांचे डोळे उघडले. दुसऱ्याच्या ग्रंथातील चुका दाखविणे हा पहिला टप्पा झाला. आपला पुरावा आपण जगापुढे ठेवणे हा दुसरा. त्या दिशेने काशिनाथ नारायण साने व त्यांचे सहकारी ह्यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला आणि जुन्या बखरी व पत्रे छापण्यास आरंभ केला. खरेशास्त्री ह्याच मालिकेतील पुढचे मोठे नाव होय.

मिरजेस आल्यावर पटवर्धनी दप्तरातील कागद त्यांच्या दृष्टीस पडले, आणि शाळेच्या कामातून उरलेला वेळ ते त्या कामी लावू लागले. हे काम किती कष्टाचे असते, ह्याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांस यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली अडचण लिपीची. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळीची रेघ ओढतो व मग तिच्याखाली बोरूने भराभर लिहीत जातो. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यातून प्रत्येकाचे वळण वेगळे. नित्याच्या शब्दांचे संक्षेप केलेले असतात, ते ओळखावे लागतात. कागदाची घडी जेथे पडली असेल तेथे तो फाटतो, आणि नेमका महत्त्वाचा शब्द तेथेच असतो. एखाद्या सरदाराचे नाव चुकीचे वाचले गेले, तर लढाईत एका पक्षाचा मनुष्य दुसऱ्या पक्षात जाऊन बसतो.

दुसरी अडचण ह्याहून मोठी, ती कालनिर्णयाची. त्या काळच्या पत्रांवर आजच्यासारखी तारीख नसते. पुष्कळदा नुसती तिथी असते, किंवा ‘छ’ ह्या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो. वर्षाचा उल्लेख बहुधा नसतो, आणि असला तर तो सुहूर सनाचा, अरबी संख्यावाचक शब्दांत असतो. हा सन मृगाच्या सुमारास पालटतो. म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष व दप्तराचे वर्ष एकदम सुरू होई. उदाहरण घेऊ. खमस तिसैन मया व अलफ, म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार, मिळून ११९५. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ह्या आकड्यात ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. खर्ड्याची लढाई मार्च महिन्यात झाली. तेव्हा ११९५ मध्ये ६०० मिळवून तिचा सन १७९५ येतो. विद्यार्थ्याने नकळत ५९९ मिळविले, तर लढाई एक वर्ष आधी होऊन बसेल! हे झाले सन दिलेला असताना. तो नसेल तेव्हा पत्रात कोणाच्या मृत्यूचा, कोणत्या तहाचा, कोणत्या छावणीचा उल्लेख आहे ते पाहून, दुसऱ्या पत्रांशी ताडून, वर्ष ठरवावे लागते. एका पत्राचे स्थान चुकले, की कार्य आधी व कारण नंतर असा विपर्यास होतो.

ह्या अडचणींतून वाट काढीत शास्त्रीबुवांनी कागद वाचले, त्यांतील महत्त्वाची पत्रे निवडली, त्यांची नक्कल केली आणि त्यांस कालक्रमाने लावले. १८९७ साली ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ ह्या नावाने ती पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड निघाला तो १८९८ साली. तेव्हा खरेशास्त्री ह्या कामी किती आघाडीस होते हे ध्यानात येईल. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते १९१० साली. म्हणजे संशोधकांस आधार देणारी मोठी संस्था उभी राहण्यापूर्वीच मिरजेत एका शिक्षकाने हा उद्योग चालविला होता. शास्त्रीबुवांच्या हयातीत ह्या संग्रहाचे बारा भाग निघाले, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव यशवंतराव ह्यांनी ते काम पुढे चालविले.

ह्या संग्रहाचा विशेष असा की, त्यात पत्रांचा नुसता ढीग घातलेला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी शास्त्रीबुवांनी त्या काळची हकीकत सुबोध मराठीत सांगितली आहे, आणि मग त्या हकीकतीचा आधार असलेली पत्रे एकामागून एक दिली आहेत. वाचक प्रथम कथा वाचतो आणि लगेच तिचा पुरावा आपल्या डोळ्यांनी पाहतो. संपादकाचे मत त्यास पटले नाही, तर ते खोडून काढण्याचे साधनही त्याच पानावर त्याच्या हाती दिलेले असते. आमच्या मते हीच शास्त्रीबुवांच्या सत्यनिष्ठेची मोठी खूण होय. ज्यास काही लपवावयाचे असते, तो आपला पुरावा उघड्यावर मांडीत नाही.

त्या पत्रांत काय काय आहे म्हणून सांगावे! धारवाडचा किल्ला घेण्यासाठी परशुरामभाऊ महिनेच्या महिने तळ देऊन बसले, ते दिवस आहेत. श्रीरंगपट्टणच्या स्वारीची हकीकत आहे. त्याबरोबरच शिलेदारांचा पगार थकला आहे, घोड्यांस वैरण मिळत नाही, नदीस पूर आल्याने फौज अडकली आहे, सावकार पैसे देत नाही, अशा कटकटी आहेत. बखरीत वीर पुरुष एका उडीत किल्ला घेतो. पत्रांत तोच पुरुष दाणागोट्याची चिंता करताना दिसतो. ह्यामुळे त्याचे मोठेपण कमी होत नाही, उलट तो आपणांस जवळचा वाटू लागतो. मराठी राज्य कोणत्या बळावर वाढले आणि कोणत्या दोषांनी खचले, हे समजण्यास अशा शंभर पत्रांचे वाचन हे एका पराक्रमाच्या पोवाड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता बारामतीचा संबंध सांगतो. ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे काम चालू असतानाच शास्त्रीबुवांनी इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहिला, तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. ह्या घराण्यातील व्यंकटराव घोरपड्यांस पहिल्या बाजीराव पेशव्यांची बहीण अनूबाई दिली होती. बाजीरावांची दुसरी बहीण भिऊबाई ही आपल्या बारामतीच्या आबाजी नाईक जोशी ह्यांच्या घरी पडली. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक हे मोठे सावकार व सरदार. १७४० साली बाजीराव वारल्यावर पेशवेपद आपणांस मिळावे म्हणून ह्याच बाबूजींनी खटपट केली होती, व नागपूरकर रघूजी भोसल्यांचे त्यांस पाठबळ होते. पुढे ह्याच नाईकांच्या आश्रयास मोरोपंत बारामतीस राहिले व त्यांच्या आर्यांनी कऱ्हेचा काठ गाजला. तेव्हा इचलकरंजी, मिरज आणि बारामती ही तीन गावे आज नकाशावर एकमेकांपासून दूर असली, तरी अठराव्या शतकाच्या राजकारणात व सोयरिकीत ती एकाच जाळ्यात गुंतलेली होती. एका प्रांताचा इतिहास नीट लिहिला की शेजारच्या प्रांताच्या इतिहासावरही कसा उजेड पडतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

इंदापूरकरांचाही शास्त्रीबुवांशी असाच संबंध आहे. मालोजी व शहाजी ह्यांच्यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंपरेने मालोजीराजांचा अंत इंदापूरच्या रणात झाल्याचे मानले जाते, आणि पुणे व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते. ज्या घराण्यात पुढे शिवाजी महाराज जन्मास आले, त्याची पूर्वपीठिका शोधताना संशोधकास आपल्याच तालुक्यांच्या वाटा तुडवाव्या लागतात. आपण मात्र त्याच वाटांनी रोज शाळेस येतो व त्यांच्याकडे मान वर करून पाहत नाही.

शास्त्रीबुवा केवळ कागदपत्रांत बुडालेले रुक्ष पंडित होते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ते कवी होते व नाटककारही होते. ‘यशवंतराव’ हे महाकाव्य त्यांनी तरुणपणी लिहिले. ‘गुणोत्कर्ष’, ‘तारामंडळ’, ‘चित्रवंचना’, ‘कृष्णकांचन’, ‘शिवसंभव’ व ‘उग्रमंगल’ ही त्यांची नाटके. त्यांपैकी ‘उग्रमंगल’ हे बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि त्यातील मास्टर दीनानाथांची भूमिका रसिकांच्या स्मरणात पुष्कळ काळ राहिली. एकाच लेखणीने नाटक लिहावयाचे आणि इतिहासही लिहावयाचा, ह्यात एक धोका असतो. नाटककारास प्रसंग रंगवावा लागतो. इतिहासकारास रंगविण्याचा मोह आवरावा लागतो. शास्त्रीबुवांनी हे दोन व्यवसाय वेगळे ठेवले. कल्पनेस जेथे मोकळीक होती तेथे ती रंगभूमीवर दिली. लेखसंग्रहात मात्र कागद जे बोलेल तेच ऐकले. त्यांच्या गद्यास जो ओघ व जिवंतपणा आहे, तो त्यांच्यातील कवीने दिलेला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांच्या ग्रंथांत ‘नाना फडनवीस यांचे चरित्र’ ह्याचाही उल्लेख केला पाहिजे. ते १८९२ साली, म्हणजे लेखसंग्रहाच्या पाच वर्षे आधी, प्रसिद्ध झाले. एका मोठ्या मुत्सद्द्याचे चरित्र लिहून हात थांबविणे त्यांस सहज शक्य होते. ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव झालेच होते. परंतु त्यापुढची सर्व वर्षे त्यांनी प्रामुख्याने मूळ पत्रे प्रसिद्ध करण्यात घालविली, म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या चरित्रकारांची सोय करण्यात घालविली. स्वतःचा वाडा बांधण्यापेक्षा गावासाठी विहीर खणणे त्यांनी अधिक पसंत केले. ह्या विहिरीचे पाणी पुढे अनेकांनी प्यायले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी मराठ्यांचा समग्र इतिहास लिहिताना ह्या पत्रांचा भरपूर उपयोग केला. बंगालचे थोर इतिहासकार सर जदुनाथ सरकार हे मराठी शिकलेले होते, व खऱ्यांच्या संग्रहाविषयी त्यांचा फार मोठा आदर होता. मिरजेच्या शिक्षकाचे काम अशा रीतीने कलकत्त्यापर्यंत पोहोचले.

आता न्यायबुद्धीने त्यांच्या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तसे न केल्यास ते त्यांच्याच शिकवणीविरुद्ध होईल. पटवर्धनांचे दप्तर म्हणजे एका सरदार घराण्याचे दप्तर. त्यात सरदारांचे, मुत्सद्द्यांचे व कारकुनांचे बोलणे ऐकू येते. नांगर धरणाऱ्या कुणब्याचे, पाणी वाहणाऱ्या बाईचे किंवा वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाचे बोलणे फारच थोडे ऐकू येते. एकाच घराण्याचे कागद वर्षानुवर्षे वाचणाऱ्याच्या मनात त्या घराण्याविषयी जिव्हाळा उत्पन्न होणे हेही स्वाभाविक आहे. पुढील अभ्यासकांनी इतर दप्तरे पाहून काही गोष्टी वेगळ्या रीतीने मांडल्या आहेत. परंतु ते त्यांस करता आले ह्याचे एक कारण असे, की शास्त्रीबुवांनी आपले आधार झाकून ठेवले नव्हते. ज्याच्या कामावर पुढच्यास उभे राहून अधिक दूरचे पाहता येते, त्याचे काम वाया गेले असे कधीच होत नाही.

मिरजेचे नाव आपल्या वाचकांस दुसऱ्याही एका कारणाने परिचित असेल. डॉ. विल्यम वान्लेस ह्यांचे रुग्णालय तेथे १८९४ साली उघडले, आणि महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येऊ लागले. शरीराच्या व्यथा दूर करणारा एक वैद्य आणि विस्मृतीची व्यथा दूर करणारा एक शास्त्री, असे दोन पुरुष एकाच गावी, एकाच काळात, आपापले काम शांतपणे करीत होते. मोठे काम करण्यास मोठे शहर लागते, हा समज ह्या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

पुढे काळ पालटला. १९४८ साली मिरज संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या सत्तेच्या कागदांसाठी शास्त्रीबुवांनी आपले डोळे शिणविले, ती सत्ताच इतिहासजमा झाली. परंतु कागदांवरील हकीकत छापील रूपाने ग्रंथालयांत सुरक्षित आहे. संस्थान गेले व त्याची पत्रे उरली, ह्यात काळाची एक मोठी शिकवण आहे. तलवारीने मिळविलेले किती काळ टिकले आणि लेखणीने जपलेले किती काळ टिकते, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

विद्यार्थिमित्रहो, आता थोडे तुमच्याशी. शास्त्रीबुवांसारखे बारा भाग तुम्ही प्रत्येकाने लिहावे, अशी आमची अपेक्षा नाही. परंतु त्यांच्या चरित्रावरून तीन गोष्टी तुम्हांस आजपासून करता येतील. तुमच्या घरी माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात जुने कागद असतील, तर ते वाचता येत नाहीत म्हणून टाकू देऊ नका. कोरड्या जागी, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा, आणि जाणत्या माणसास दाखवा. गावातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकीकत वहीत लिहून ठेवा. ती कोणी सांगितली व कोणत्या दिवशी सांगितली हेही खाली लिहा. आणि कोणी इतिहासाच्या नावाने तुम्हांस काही सांगितले, मग ते तुमच्या अभिमानास कितीही गोड लागो, तरी नम्रपणे पण न चुकता त्यास आधार विचारा. आधार विचारणे हा वडिलांचा अपमान नव्हे. ज्या पूर्वजांविषयी आपल्यास खरोखर आदर आहे, त्यांच्याविषयी खोटे बोलले जाऊ नये अशी काळजी घेणे, हाच त्यांचा मान होय.

पालकवर्गास आमची एकच विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी पुढे शिक्षक होऊ इच्छीत असेल, तर त्या व्यवसायास कमी लेखू नये. मिरजेच्या त्या वर्गात ज्या मुलांनी शास्त्रीबुवांकडून संस्कृत रूपे पाठ केली, त्यांच्या घरच्यांस हे गुरुजी अवघ्या महाराष्ट्राचे ऋण फेडीत आहेत, अशी कल्पना असेलच असे नाही. सकाळी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणारा हात रात्री दीडशे वर्षांपूर्वीचा कागद उलगडीत असतो, आणि दोन्ही कामांत एकच वृत्ती असते : चूक राहू नये. अशा हातांची आपल्या तालुक्यांस आजही गरज आहे. नाईकांच्या वाड्याचा, इंदापूरच्या गढीचा, सुपे परगण्याचा सविस्तर, साधार इतिहास लिहिण्याचे काम कोणा एकाचे नव्हे, ते पिढ्यापिढ्यांचे आहे. ते काम अंगावर घेणारे कोणी आज ह्याच पानावर नजर फिरवीत असतील, अशी आशा बाळगून आम्ही हा लेख पुरा करतो.